सवाईला जायचंय? आणि जमलं तर तिथे कामही करायचंय?

डिसेंबर जवळ आला की पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवावरून मला दोन प्रकारचे फोन येतात. एक बाहेरगावच्या कोणा भावाचा नाहीतर वहिनीचा, "यंदा सवाईला यायचंच आहे, तिकीट कुठलं काढू, थंडी कितपत असते, आणि तुझ्याकडे गादी आहे ना एक्स्ट्रा?" दुसरा कॉलेजातल्या कुठल्यातरी पोराचा, "दादा, तिकडे पाच दिवस काम मिळतं का, आणि मिळालं तर गाणंपण ऐकता येतं का?" दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

मी दोन्ही बाजू बघितल्यात. २०१६ आणि १७ ला रमणबागेच्या मैदानात चहाच्या स्टॉलवर होतो, मग महोत्सव मुकुंदनगरला गेल्यावर काही वर्षं छातीला बिल्ला लावून स्वयंसेवक, आणि आता आईला घेऊन सरळ तिकीट काढून जातो. त्यामुळे खालचं सगळं अनुभवाचं आहे, पण माझ्या अनुभवाचं आहे, तुमचं थोडं वेगळं निघेल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. किराणा घराण्याचे गायक सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, ते १९५२ ला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी गुरूच्या आठवणीत पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले, तेव्हापासून अधिकृत नाव सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, पण रिक्षावाल्यापासून आमच्या शेजारच्या काकूंपर्यंत सगळे नुसतं 'सवाई' म्हणतात. अनेक वर्षं तो शनिवार पेठेत रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. मैदान, त्यावर मांडव, आणि आत हजारो माणसं मांडी घालून शांत बसलेली. कोणी पहिल्यांदा बघितलं की म्हणतं एवढी माणसं आणि एवढी शांतता कशी काय, तर तसं काही नाही, खोकले भरपूर असतात.

आधी तारीख, मग रेल्वे

हे मुद्दाम पहिलं लिहितोय कारण गेल्या काही वर्षांत दोन जणांनी माझ्या डोळ्यासमोर चूक केलीय. तारखा दरवर्षी सरकतात. २०२४ ला १८ ते २२ डिसेंबर होता, २०२५ ला १० ते १४. म्हणजे आठवड्याचा फरक. "दुसऱ्या आठवड्यात असतो ना" असं धरून कोणी बरंच आधी गाडीचं बुकिंग करून ठेवतं आणि मग महोत्सव सुरू व्हायच्या दिवशी त्यांची परतीची गाडी असते. तारखा जाहीर होऊ द्या. हल्ली साधारण बुधवार ते रविवार असे पाच दिवस असतात. सगळे पाच दिवस रजा मिळत नसेल तर शनिवार-रविवार घ्या, पण माझं ऐकाल तर गुरुवार-शुक्रवार घ्या, गर्दी कमी, आणि नव्या दमाचे गायक त्या दिवशी जास्त असतात जे जीव तोडून गातात कारण सवाईचं स्टेज मिळणं म्हणजे त्यांच्यासाठी बोर्डाची परीक्षा असते.

राहायचं असेल तर स्वारगेट, टिळक रोड, सदाशिव पेठ या भागात बघा, मुकुंदनगर तिथून जवळ पडतं. कोथरूडला उतरलात तर रात्री परत जाताना रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून पिंपरी-चिंचवड आणि शिवाजीनगरवाल्यांचं खूप सोपं झालंय, फक्त शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघतानाच बघून ठेवा. टू-व्हीलर आणणार असाल तर पार्किंगमध्ये तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा आणि जवळच्या खांबाचा नाहीतर झाडाचा फोटो काढा. रात्री दहा वाजता एकसारख्या हजार ॲक्टिव्हांमध्ये स्वतःची ॲक्टिव्हा शोधणं हा वेगळाच राग आहे.

तिकीट: बैठक की खुर्ची

सीझन तिकीट म्हणजे पाचही दिवसांचं, आणि दिवसाचं सुटं तिकीट वेगळं. त्यात परत भारतीय बैठक आणि खुर्ची. बैठक बरीच स्वस्त. किमती दरवर्षी बदलतात त्यामुळे आकडे देत नाही, ऑनलाइन मिळतात आणि शहरातल्या काही ठरावीक दुकानांतही मिळतात, वर्तमानपत्रात यादी येते.

माझा नियम असा की वय ५० च्या खाली आणि गुडघे शाबूत असतील तर बैठक. खुर्चीवर बसलात की तुम्ही प्रेक्षक होता, बैठकीत बसलात की शेजारच्या माणसाशी नातं जुळतं, तो तुम्हाला लाडू देतो, तुमची जागा धरून ठेवतो, आणि राग कुठला ते न विचारता सांगतो (चुकीचा सांगतो कधीकधी, पण आत्मविश्वासाने). पण आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हट्ट करू नका, खुर्ची घ्या. मी एका वर्षी आईला बैठकीत बसवलं, "अगं मजा येते" म्हणून. तीन तासांनी तिला उठवायला मी आणि शेजारच्या एक मावशी असे दोघं लागलो आणि पुढचे दोन दिवस ती घरीच.

प्रहराचं गणित समजून घ्या, नाहीतर निम्मी मजा जाते

प्रत्येक राग दिवसाच्या किंवा रात्रीच्या ठरावीक वेळी, म्हणजे प्रहरी, गायची पद्धत आहे. हा भाग थोडा लांबणार आहे कारण ऐकणाऱ्याला पण आणि तिथे काम करणाऱ्याला पण सगळ्यात जास्त उपयोगी हाच आहे.

पूर्वी सवाई रात्रभर चालायचा. लोक पांघरुणं घेऊन यायचे, काहीजण चक्क झोपायचे आणि ठरावीक गायकाला उठायचे, आणि शेवटच्या रात्रीची सकाळ व्हायची तेव्हा भीमसेनजी गायला बसायचे. माझे बाबा त्या सकाळींबद्दल अजून सांगतात आणि सांगताना आवाज बारीक करतात. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस सरकारला बारापर्यंत सवलत देता येते, त्यातला एखादा दिवस, बहुतेक शनिवार, सवाईच्या वाट्याला येतो. बाकी दिवस दहाला माइक बंद म्हणजे बंद.

याचा परिणाम काय, तर आता कार्यक्रम दुपारी तीन-साडेतीनला सुरू होतो आणि रागही त्या घड्याळाप्रमाणेच येतात. पहिला कलाकार दुपारचा, म्हणजे भीमपलास, मुलतानी, पटदीप असं काहीतरी. ऊन कलतं, मांडवात दिवे लागतात, तेव्हा मारवा, पूरिया, श्री, पूरियाधनाश्री. मग यमन, मग जसजशी थंडी चढते तसा बिहाग, केदार, बागेश्री. मालकंस-दरबारीसाठी पोटभर वेळ हवा असेल तर शनिवारचीच आशा धरायची. रविवारी कार्यक्रम लवकर, दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा सारंगाचे प्रकार ऐकायला मिळू शकतात जे बाकीच्या दिवशी मिळत नाहीत. तोडी-ललत मात्र इथे विसरा, ते आता हॉलमधल्या सकाळच्या मैफलींत.

म्हणून नवख्या माणसाला माझा सल्ला: नावं बघून जाऊ नका, वेळ बघून जा. साडेपाच ते सात हा तुकडा चुकवू नका, कोणी का गात असेना. संधिप्रकाश आणि मारवा-पूरिया एकत्र मैदानात ऐकणं हे घरच्या स्पीकरवर होत नाही. आणि बहुतेक लोक ऑफिसमधून सातनंतर येतात त्यामुळे तेव्हा जागाही चांगली मिळते.

दुसरं म्हणजे पाचही दिवस, पहिल्या कलाकारापासून शेवटच्यापर्यंत सगळं ऐकायचा अट्टाहास करू नका. कान भरतात. तिसऱ्या दिवशी माणसाला सगळंच यमन वाटायला लागतं. दिवसाला दोन कलाकार नीट ऐका, एक बाहेर चहा पीत स्क्रीनवर ऐका, एकाला सरळ झोपा.

पिशवीत काय

पुण्याची डिसेंबरची थंडी फसवी असते, दुपारी तीनला शर्टाला घाम आणि रात्री साडेनऊला दात वाजतात. पारा कधी १० च्या आसपास उतरतो, आणि तुम्ही हालचाल न करता जमिनीवर बसलेले असता हे लक्षात घ्या. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. सतरंजीखाली मैदान आहे, मैदानाखाली पृथ्वी आहे. त्यामुळे शाल नंतर, आधी बुडाखाली घ्यायला घडी घातलेलं जुनं ब्लँकेट नाहीतर जाड चटई. पाठ टेकायची फोल्डिंग बैठक मिळते ती घ्या, पण ती उंच पाठीची नको, मागच्याला स्टेज दिसत नाही आणि मग पुणेरी टोमणे सुरू होतात. मोजे. हे कोणी सांगत नाही. चप्पल-बूट काढून बसायचं असतं आणि पाय गार पडले की गाण्यातलं लक्ष उडतं. कानटोपी घ्या, पण कान झाकले की गाणं कमी ऐकू येतं, म्हणून मी मफलर डोक्यावरून घेतो आणि कान उघडे ठेवतो. चपलांसाठी कापडी पिशवी, ती स्वतःजवळच. पाण्याची बाटली आणि खाणं आत नेता येतं का ते त्या वर्षीच्या सूचनांमध्ये वाचा.

खोकला असेल तर खडीसाखर आणि ज्येष्ठमध. रॅपरवाली चॉकलेटची गोळी नको. विलंबित ख्याल, म्हणजे गाण्याचा संथ भाग चाललाय, तालाच्या दोन आवर्तनांमधली शांतता आहे आणि त्यात कुणीतरी, हळू सोडला की आवाज होत नाही असं वाटून, तो चुरचुर करणारा कागद अर्धा मिनिट सोडत बसतो, याइतकी शिक्षा नाही. सोडायचाच तर एका झटक्यात सोडा.

आत गेल्यावर

गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी रांगेत लागा. बैठकीला नंबर नसतो. गेट उघडलं की सुसंस्कृत वगैरे म्हणवणारी माणसं कशी पळतात ते बघण्यासारखं असतं. तुम्ही पळू नका, पडाल. सगळ्यात पुढची जागा तशीही चांगली नसते, मान वर करून बसावं लागतं आणि स्पीकरचा आवाज बाजूने येतो. मधल्या पट्ट्यात, स्टेजपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, साउंडवाल्यांचं टेबल दिसेल, त्याच्या थोडं पुढे बसा. ज्या माणसाने आवाज लावलाय तो तिथूनच ऐकत असतो.

जागा धरायची पद्धत: चादर टाकून दहा जणांची जागा एकटा माणूस धरतो, हे नियमात बसत नाही पण चालतं. दोन जणांपर्यंत ठीक. स्वयंसेवक असताना माझं निम्मं आयुष्य या चादरींवर गेलंय, त्याचं पुढे सांगतो.

उठायचं कधी? विलंबित चालू असताना नाही. एक बंदिश संपते, टाळ्या होतात, तेव्हा पटकन. दोन कलाकारांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं मिळतात, वाद्यं बदलतात, माइक बदलतात, तेव्हा सगळेच टॉयलेटला पळतात. शहाणा माणूस शेवटची द्रुत, म्हणजे जलद बंदिश, सुरू व्हायच्या आधी जाऊन येतो. दाद द्यायला घाबरू नका. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलली, तोंडातून 'वा' निघालं, निघू द्या. फक्त फोन वर धरून रेकॉर्डिंग करू नका, एक तर परवानगी नसते आणि दुसरं म्हणजे मागच्या चाळीस जणांना कलाकार तुमच्या स्क्रीनमधून बघावा लागतो.

सकाळी काय करायचं असा बाहेरगावच्यांचा प्रश्न असतो. शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारक आहे, महोत्सवाच्या दिवसांत तिथे सकाळी 'षड्ज' नावाने संगीतावरचे माहितीपट दाखवतात आणि 'अंतरंग'मध्ये कलाकारांच्या गप्पा होतात. तिथे जा. नाहीतर झोपा.

आता कामाचं बोलू

पहिले सरळ सांगतो, पैसे कमवायला म्हणून जाणार असाल तर पाच दिवसांत फार काही सुटत नाही. पण गाण्याचा नाद असेल आणि खिशात तिकिटाचे पैसे नसतील तर यासारखी दुसरी सोय नाही.

कामं साधारण तीन प्रकारची. एक, स्टॉलवर: चहा-कॉफी, वडे, पुस्तकं, सीड्या आता कोण घेत नाही पण वाद्यं-बिद्यं. दोन, स्वयंसेवक: गेट, बैठकव्यवस्था, चौकशी. तीन, मांडव-लाइट-साउंडवाल्यांचे मदतनीस, हे काम खरं जड आणि ते महोत्सवाच्या आधीच सुरू होतं, बांबू, सतरंज्या, केबल. तिन्हीकडे जाहिरात बघून काम मिळत नाही, ओळखीने मिळतं. स्टॉलसाठी नोव्हेंबरमध्येच ओळखीच्या केटरिंगवाल्यांना विचारत सुटा, "सवाईला स्टॉल लागतोय का, पोरं लागतायत का". स्वयंसेवकाचं तुमच्या गाण्याच्या क्लासच्या सरांना नाहीतर बाईंना विचारा, कोणीतरी कोणालातरी ओळखत असतंच.

पैशाचं आधी बोला. २०१६ ला मला दिवसाचे ४०० रुपये आणि दोन वेळचं खाणं असं ठरलं होतं, तोंडी. पाच दिवसांचे दोन हजार. हातात आले बाराशे, बाकीचे "पुढच्या आठवड्यात", तो आठवडा अजून आलेला नाही. मालकाचं नाव घेत नाही, माणूस बाकी वाईट नव्हता, वडे छान करायचा. पण तेव्हापासून मी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो: "काका, बुधवार ते रविवार, दुपारी एक ते रात्री अकरा, रोजचे इतके, रात्री जाताना द्यायचे, बरोबर ना?" समोरून नुसता अंगठा आला तरी पुरे. आणि रोजचे रोज घ्या, शेवटच्या दिवशी सगळे एकदम नाही.

स्वतःचा स्टॉल टाकायचा विचार असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे: आयोजकांकडे लवकर अर्ज, एफएसएसएआयची (खाद्यपदार्थांची सरकारी) नोंदणी, १९ किलोचे निळे कमर्शियल सिलिंडर (घरचा लाल आणलात तर सगळ्यांसमोर परत न्यावा लागतो), जवळ अग्निशामक, आणि २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर प्लास्टिकचे कप-थर्माकोलच्या प्लेटा चालत नाहीत. हा भाग इथेच सोडतो, मी कधी मालक नव्हतो.

चहाच्या स्टॉलवरचं घड्याळ

आता मघाचं प्रहराचं गणित इथे कामाला येतं. चहाच्या स्टॉलचा धंदा दिवसभर नसतो. तासभर एक माणूस येत नाही आणि मग दहा मिनिटांत चारशे माणसं. सगळी मेहनत त्या दहा मिनिटांसाठी. आमच्याकडे मोठं पातेलं होतं, पाच लिटर दूध आणि पाच लिटर पाणी, आटून-उकळून छोटे शंभरेक कप निघायचे, आणि गार पाण्यापासून तयार चहा होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे मध्यंतर व्हायच्या पंचवीस मिनिटं आधी भट्टी पेटवायला हवी. पण मध्यंतर कधी होणार हे कोणाला माहीत? छापील कार्यक्रमात वेळ नसते, कलाकाराच्या मनात असते.

स्टॉलवर एक बाबूकाका होते (नाव बदललंय), साठीचे, गाण्याचा एक अक्षर अभ्यास नाही, पण चहा करत वीस वर्षं सवाई ऐकलेला. ते स्टेजकडे पाठ करून आलं किसत उभे असायचे आणि अचानक म्हणायचे, "चल, आधण ठेव." आणि बरोबर पंचवीसाव्या मिनिटाला टाळ्या. तिसऱ्या दिवशी मी विचारलं काका कसं कळतं, तर म्हणाले, "अरे तबला बघ ना. सावकाश चालतो तोवर बस निवांत. पळायला लागला की पाणी ठेवायचं. तराणा आला की साखर-चहा टाकायचा. आणि अभंग नाहीतर भजन म्हणायला लागला की कप मांडायला घे."

(तराणा म्हणजे 'तोम-तनन' अशा बोलांची जलद बंदिश.) मी ते सूत्र पाठ केलं आणि चौथ्या दिवशी काका जेवायला गेले असताना एकट्याने वापरलं. सतार होती. ऐकता ऐकता लय वाढली, वाढली, 'झाला' म्हणतात तो शेवटचा जलद झंकाराचा भाग आला, तारा नुसत्या कडकडत होत्या. मी म्हटलं संपतंय, ठेवलं आधण, टाकली साखर, टाकला चहा. कडकडाट संपला, टाळ्या पडल्या, मी कप मांडले आणि बघतो तर तबलजींनी हातोडी घेतली आणि निवांत तबला लावायला बसले. मला माहीतच नव्हतं की वादनात आधी तबल्याशिवाय आलाप-जोड-झाला होतो आणि मग तबल्याबरोबरची गत सुरू होते. पुढे तासभर ती गत चालली. माझा दहा लिटर चहा भट्टीवर काढा झाला. काका आले, पातेल्यात डोकावले, स्टेजकडे बघितलं आणि म्हणाले, "तबल्याबरोबरचा झाला मोजायचा रे. सुका झाला नाही मोजायचा." माझं शास्त्रीय संगीताचं पहिलं खरं शिक्षण हे.

तर स्टॉलवाल्यांसाठी: गाणं असेल तर द्रुत ख्यालाला पाणी. वादन असेल तर तबला वाजत असतानाचा झाला. कथक असेल तर अंदाज करू नका, थर्मास भरून ठेवा. गर्दीच्या वेळी एक जण फक्त ओतणार, एक फक्त देणार, एक फक्त पैसे. हे तिघं एकमेकांच्या कामात गेले की संपलं. हजारो फोन एका मैदानात आले की नेटवर्क बसतं आणि यूपीआय नुसतं गोल गोल फिरत राहतं, म्हणून दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा घरूनच आणा. आणि गाणं चालू असताना आवाज? पातेल्यावर झारा आपटायचा नाही, कढईत वडा सोडताना सुद्धा हळू, ओरडून ऑर्डर नाही, बोटांनी. दोन बोटं म्हणजे दोन कटिंग. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं, पाचव्या दिवशी घरीसुद्धा आपण बोटांनी चहा मागायला लागतो.

स्वयंसेवक झालात तर

पैसे नसतात, बिल्ला असतो, चहा-नाश्ता असतो आणि पाय दुखतात. गेट उघडायच्या दोन तास आधी पोचायचं. पहिला तास तिकिटं तपासणं, यात भांडण कमी. खरं काम बैठकीत. दोन काका एका फूटभर सतरंजीवरून समोरासमोर उभे, "मी १९७८ पासून इथे बसतो", "मी पण ७५ पासून येतोय", आणि तुम्ही १९ वर्षांचे. इथे नियम सांगायचा नाही. दोघांनाही "आजोबा" म्हणायचं नाही, "काका" म्हणायचं, हे फार महत्त्वाचं. आणि विचारायचं, "काका, तुम्ही भीमसेनजींना समोर बसून ऐकलंय का हो?" दोघंही सांगायला लागतात. पाच मिनिटांत दोघं शेजारी बसलेले असतात. मी हे तीनदा केलंय, दोनदा चाललं. तिसऱ्या वेळी ते भीमसेनजींनी कुठल्या साली काय गायलं यावरून परत भांडले.

मधल्या वाटा रिकाम्या ठेवणं हे एक काम असं आहे ज्यात भिडस्तपणा चालत नाही. शनिवारी रात्री लोक वाटेत बसतात, "फक्त दहा मिनिटं" म्हणतात. उठवायचं. कोणाला चक्कर आली की स्ट्रेचर त्याच वाटेने जाणार असतं. वयस्कर माणसं खूप असतात, उपाशी असतात, थंडी असते, बराच वेळ मांडी घालून एकदम उठतात आणि डोळ्यासमोर अंधारी येते. उठणारा माणूस डळमळताना दिसला तर आधी दंड धरा, नंतर विचारा. डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स मैदानात कुठे उभी आहे ते पहिल्याच दिवशी स्वतः चालत जाऊन बघून ठेवा, कोणी सांगितलंय यावर राहू नका.

स्टेजच्या मागे ड्यूटी लागली तर भाग्य, पण तिथे हात खिशात. तानपुरा सांगितल्याशिवाय उचलायचा नाही, सांगितला तर एक हात भोपळ्याखाली, एक दांडीला, आणि दारातून जाताना खुंट्या सांभाळा. कुठल्याही वाद्यावरून ओलांडून जायचं नाही, घाईत असलात तरी वळसा घाला. रात्री दव पडायला लागलं की चामडं सैल पडतं, तबल्याचा स्वर उतरतो, म्हणून तबलजी पुन्हा पुन्हा लावत बसतात, त्यांच्यापुढे घड्याळ दाखवत उभं राहू नका, ते काम आयोजकांचं.

कलाकारांबरोबर सेल्फी? ड्यूटीवर असताना नाही. गाऊन उतरलेला माणूस दोन मिनिटं कुठेच नसतो, त्याला पाणी द्या आणि बाजूला व्हा.

आणि हो, काम करताना गाणं ऐकता येतं का, तर येतं, पण तुकड्यांनी. बंदिशीचा अंतरा ऐकाल, स्थायी चुकेल. स्टेजकडे पाठ असते त्यामुळे चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, नुसता सूर येतो. मला विचाराल तर पाच वर्षं तिकीट काढून समोर बसून जेवढं कळलं नसतं तेवढं स्टॉलवरच्या त्या दोन वर्षांत पाठमोरं कळलं. अर्थात हे माझं.

शरीराचं एक: रोज दहा तास उभं राहायचंय, नवे बूट घालू नका. जेवण पहिल्या कलाकाराच्या आधी, नाहीतर रात्री अकरापर्यंत वड्यांवर राहाल आणि तिसऱ्या दिवशी पोट बोलायला लागेल. पाळी आलेल्या मुलींनी लाजून दहा तास ढकलू नका, टीममधल्या ताईला सांगा, ड्यूटी बदलून मिळते.

रविवार रात्र

शेवटच्या कलाकारानंतर लगेच पळू नका. सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात. खरखरीत, जुन्या रेकॉर्डचा आवाज, आणि समोर स्टेज रिकामं. अर्धे लोक उभे, अर्धे बसलेले, पार्किंगकडे निघालेलेसुद्धा थांबतात. आम्ही स्टॉलवर तेवढ्या वेळ भट्टी बंद करायचो, बाबूकाका टोपी काढायचे.

मग सतरंज्या गुंडाळायचं काम. त्याखाली काय काय सापडतं ते सांगत बसलो तर अजून एक लेख होईल: डाव्या पायाचे मोजे (नेहमी डाव्याच का देव जाणे), कानटोप्या, औषधाच्या स्ट्रिपा, एकदा कवळी, आणि चष्मे तर ढिगाने. चष्मे सगळे चौकशीच्या टेबलावर जमा होतात आणि तसेच पडून राहतात कारण कुठला कोणाचा हे कळायला मार्ग नाही. म्हणून येताना चष्म्याच्या डबीत आत एक चिठ्ठी ठेवा, नाव आणि फोन नंबर. चष्म्याच्या डबीत, पाकिटात नाही. पाकीट लोक सांभाळतात.